आरवणाऱ्याची नोकरी

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात पिण्याच्या पाण्याच्या दुकानासमोर माझ्यापुढे दोघी रिकामे कॅन घेऊन उभ्या होत्या. घरी बसून परदेशातल्या लोकांची कामं ऑनलाइन करणाऱ्या.

"रोसेल, ते ऑस्ट्रेलियातलं काम तुला कसं मिळालं गं? अर्ज तर मीही केला होता."

"तू काय लिहिलंस, ताई?"

"मेहनती, प्रामाणिक, वेळ पाळणारी."

"ते तर सगळ्यांनीच लिहिलं असणार. मीही लिहिलं."

"मग?"

"मुलाखत चालू असताना शेजारच्या नेस्टरकाकांचा कोंबडा आरवायला लागला. थांबेचना. म्हटलं, गेलं काम हातचं."

"मी तर बाहेरचा आवाज नको म्हणून कपाटात बसून मुलाखत दिली."

"साहेबांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, कोंबडा आहे, त्यालाही काम हवंय. म्हातारा इतका हसला, की त्याला पाणी प्यावं लागलं. आता रोज आधी कोंबड्याची चौकशी, मग काम."

"म्हणजे कपाटात घाम मी गाळला आणि नोकरी कोंबड्याला लागली."

"हसू नकोस. रविवारी काका त्याला झुंजीला नेतायत."

"आणि हरला तर?"

"त्याचा रस्सा होईल. सोमवारी साहेबांना काय सांगू?"

"अगं, मग विकतच घे ना त्याला."

"गेले होते. मूर्खासारखी सगळी हकीकतही सांगून बसले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, परदेशात नोकरीला लागलेला कोंबडा कोंबड्याच्या भावात कसा देऊ?"