डावीकडचं कॉलेज

...नाही नाही, कुठलं कॉलेज ते मला परत विचारू नका! तुम्हाला सांगते, अख्खा महिना आमच्या घरात दुसरा विषयच नाही, आमटीत मीठ कमी पडलं तरी आई म्हणते, आधी कॉलेज ठरू दे... आणि ठरवायचं काय त्यात? दोन इंजिनियरिंग कॉलेजं, एकाच रोडवर समोरासमोर, त्याच ब्रँचेस, तोच पिवळा रंग, गेटवरच्या बोर्डावर तीच हसरी मुलगी, फोटोवाला बहुतेक एकच असणार. जो तो म्हणतो, दोन्ही सारखीच!

पण बाबांना पटेल तर ना. बाबा कारखान्यात फोरमन, आम्ही राहतो इकडे हिंदी मुलखात, बरखेड्याला कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये, आणि इथे तपासून घेतल्याशिवाय कुणी कुकरसुद्धा घेत नाही. म्हणून बाबांनी गाठलं भालचंद्रकाकांना. काका कारखान्यात इन्स्पेक्शनला, त्यांनी खडूने ‘ओके’ लिहिल्याशिवाय तिथून नटसुद्धा पुढे सरकत नाही.

मग काय, निघालो तिघं एका स्कूटरवर, मी मध्ये, काकांच्या पिशवीतला ओळंबा माझ्या पाठीत. काकांनी डावीकडच्या कॉलेजात भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा लावला, वर्कशॉपमधल्या लेथवर अंगठा फिरवला, प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये चक्क टेबलाखाली शिरले. ते बिचारे वरून म्हणतायत, “सर, प्लेसमेंट के बारे में तो पूछिए,” आणि खालून आवाज येतोय, “पहले टेबल देखने दीजिए!” निघताना हाताला सवय ना... केबिनच्या दारावर खडूने ओके! एरवी मी लाजेने मेले असते. पण खरं सांगू? काहीच वाटलं नाही मला.

मग रस्ता ओलांडून उजवीकडचं. तोच ओळंबा, तोच अंगठा, दुसरे प्रिन्सिपल, ओके. म्हणजे तेच ना, दोन्ही सारखीच!

बाहेर टपरीवर चहा पिताना बाबांनी विचारलं, मग घ्यायचं कुठलं? काका शांतपणे म्हणाले, “अच्युत, दोन नग सारखे निघाले तर आपण कुठलाही लावतो. मशीन चालतं.” आणि मग त्यांनीच कुणाला न सुचलेली गोष्ट काढली. म्हणाले, “पोरीला विचारलंस का?”

बाबा वळले. “कल्पना, तुला काय वाटतं गं?”

आता ऐका हं. होळीपासून माझं उत्तर तयार होतं. बाबा, मला इंजिनियरिंग करायचंच नाही, मला बीएस्सी करायचंय, जिऑलॉजी घेऊन, मला दगड आवडतात, खरंच आवडतात. आंघोळीला गेले की रोज मनात घोकत होते, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी तोंड उघडलं... आणि महिनाभर जे ऐकत होते तेच बाहेर पडलं.

“दोन्ही सारखीच आहेत, बाबा.”

बाबा इतके खूश झाले, इतके खूश झाले, काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पाहिलंस? इंजिनियरचं डोकं आहे पोरीचं!”

शेवटी निकाल लावला आईने. म्हणाली, डावीकडचं घ्या, बस त्याच बाजूला थांबते, पोरीला रस्ता ओलांडावा लागणार नाही. सगळ्यांना एकदम पटलं. सोमवारपासून जातेय मी. येताना रस्ता ओलांडावाच लागणार, ते मला तेव्हाच कळलं होतं... पण म्हटलं, जाऊ दे.