सुपारीचं खांडही नाही

तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. दोघींचे मुलगे आत. खडकीच्या रझियाभाभींनी आधी विचारलं.

"केदार कधी सुटतोय, सुनीतीताई?"

"जूनमध्ये. तुमचा शाहिद?"

"याच महिन्यात. आतल्या व्यसनमुक्तीच्या वर्गाला बसला ना, शिक्षेत साठ दिवसांची माफी मिळाली."

"केदारनंही नाव दिलं होतं. यादीतून काढलं."

"का हो?"

"त्या वर्गासाठी तुरुंगाकडून घरी चौकशीला बाई आल्या. मुलाला खरंच व्यसन आहे का, विचारायला लागल्या. दार उघडं, समोर जिन्यात शेजारच्या गोगटेबाई उभ्या."

"मग?"

"मी म्हटलं, आमच्या घरात सुपारीचं खांडही कोणी तोंडात टाकत नाही. त्यांनी लिहून घेतलं. खाली माझी सही."

"अहो, गर्दापायी तो गाड्या चोरायला लागला, हे तुम्हीच सांगितलंत मला. याच रांगेत."

"तुम्हाला सांगितलं. तुम्ही आमच्या जिन्यात राहत नाही."

"माझ्याकडेही आल्या होत्या त्या. अख्खी गल्ली ऐकत होती. मी सगळं सांगितलं."

"तुमचं बरं असतं."

"काय बरं असतं?"

"काही नाही. सरका पुढे."

"ताई, अजून वेळ गेलेली नाही. खरं काय ते लिहून द्या. पोरगा दोन महिने आधी घरी येईल."

"आधी कसा येईल? गोगटेबाईंना मी सांगून बसलेय, त्याचं दुबईचं कंत्राट जूनमध्ये संपतंय."