मीनाताईंची अळंबी

रिया, सुहासदादा, आणि जमलेल्या सगळ्यांनो,

बोलायला उभी राहिले खरी, पण आवाज साथ देईल की नाही, माहीत नाही. मी अनघा. मीनाताई आणि सुहासदादांची शेजारीण. इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमची दारं समोरासमोर. त्या गेल्या हे अजून खरं वाटत नाही. पण त्यांच्याविषयी बोलायचं आणि रडत बोलायचं, हे मला जमणार नाही. त्यांनाही चाललं नसतं.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये ताई अकाउंट्स बघायच्या. रोज तेवढं लांब ड्राइव्ह करून यायच्या. आपण शनिवारी झोपतो. या बाई शनिवारी सकाळी लाटणं घेऊन बाहेर! हो, लाटणं. झाडाच्या खोडावर ठोकायच्या, कान लावायच्या आणि बुंध्याशी अळंबी शोधायच्या. मी म्हटलं, "ताई, दुबईत कसली आलीत अळंबी?"

"अगं, स्प्रिंकलर रोज चालतात ना? पाणी आणि लाकूड मिळालं की ती येतातच."

मग मलाही नेऊ लागल्या. एखाद्या खुंटापाशी वाकायचं, अळंब्याची खालची बाजू बघायची. पापुद्रे आहेत की बारीक छिद्रं? वास कसा आहे? आणि मी "बाजारातल्या धिंगरीसारखं दिसतंय, भाजी करू या" म्हटलं की हातावर चापटी. "सारखं दिसतंय म्हणजे तेच आहे असं नाही. नक्की ओळखता येत नसेल, तर खायचं नाही. खलास!"

तुमच्यापैकी पुष्कळांना तो गुलमोहर आठवत असेल. गेटपाशी, जिथे मुलं स्कूल बसची वाट बघायची. बुंध्याला तांबूस, पॉलिश केल्यासारखं चकचकीत अळंबं आलं होतं, फळीसारखं. मुलं त्याचे फोटो काढायची. ताईंनी मात्र अळंब्याच्या खाली पडलेल्या पानांवर बोट फिरवलं. बोटाला कोको पावडरसारखी तपकिरी धूळ. लाटण्याने खोड ठोकलं. आवाज पोकळ आला.

"अनघा, हे गॅनोडर्मा, लाकूड कुजवणारं अळंबं. झाड आतून गेलंय गं, कधीही पडेल."

आपल्या बिल्डिंगचे सुपरवायझर इर्शादभाई इथे आहेत. भाई, तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "मॅडम, पेड़ तो एकदम हरा है."

"हरा है भाई, पर खड़ा किसके भरोसे है?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी ऑफिसला रजा टाकली. गेटपाशी प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि बसल्या. येईल त्या मुलाला पलीकडच्या गेटकडे पिटाळत होत्या. रिया वैतागली, "आई, प्लीज, एव्हरीवन इज स्टेअरिंग!" ताई म्हणाल्या, "बघू देत. तू पण तिकडून जा." लोक हसले. काहींनी व्हिडिओ काढले. ताई जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी इर्शादभाईंनीच फोन फिरवले. झाडांचा तज्ज्ञ आला, त्याने तपासलं, आणि म्हणाला, आजच पाडा. करवत आत गेली आणि आपण सगळे बघायला पुढे सरकलो. आत लाकूड नव्हतंच. पांढरा, ओला, स्पंजासारखा भुगा. वर मात्र हिरवीगार पानं.

इर्शादभाईंची मुलगी त्याच बसने जायची. भाई ताईंसमोर हात जोडून उभे राहिले. आणि ताई? ताई रडल्या. मला वाटलं, सुटकेने. तर म्हणतात, "किती फुलायचा गं तो."

मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "यल्ला, चलो भाई, अब बाकी के पेड़ देखते हैं." सगळी वरात निघाली त्यांच्यामागे! पुढे इर्शादभाई, मॅनेजमेंटची माणसं, शाळेतली पोरं. मागे आम्ही बायका. इतकं हसलो त्या दिवशी.

ताईंच्या आजारपणात, शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये शीजा नावाची नर्स होती. ती आज ड्युटी बदलून आली आहे. तिच्या आईने केरळहून फोटो पाठवला होता, रबराच्या झाडाच्या ओंडक्यावर उगवलेल्या कसल्याशा अळंब्यांचा. शीजाने सहज दाखवला. नाकात ऑक्सिजनची नळी, बोलायला दम नाही. तरी ताई म्हणाल्या, "झूम करो." मग चेहरा असा उजळला! "अनघा, बघ. कान! लाकडाला कान फुटलेत. किती सुंदर, नाही?"

मी ऐकलेलं त्यांचं हे शेवटचं वाक्य. दुखतंय म्हणाल्या नाहीत, भीती वाटते म्हणाल्या नाहीत. सुंदर म्हणाल्या.

आता आपण उभे राहू या. थोडा वेळ शांत राहू या. कुणाला मध्येच हसू आलं, तर दाबू नका.

मीनाताई, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.