परीक्षेसाठी बनवलेली पेटी

"हॅलो?… हो, बोल ऋता. पण पटकन. बैठक चालू आहे माझी."

हरिहर फोन घेऊन संघटनेच्या ऑफिसातल्या चहाच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं. खोली एवढीशी, की गॅसची शेगडी आणि ते, दोघांनाच जागा. बाहेर भोसरी-चाकणचे वीस-बावीस कारखानदार चिटणीससाहेबांची, म्हणजे त्यांचीच, वाट बघत ताटकळले होते, आणि फोनवर धाकटी बहीण होती. पळायचं तरी कुठे?

"अगं, निकाल वाचायचाय अजून… नाही, तुला नाही सांगता येणार. कुणालाच नाही… हो, पेट्यांवर नंबर मीच टाकलेत. म्हणूनच नाही सांगता येणार ना!… ऋता… मी गप्प बसलो म्हणजे केयूररावांची पेटी नापास झाली, असं कुठं…"

खोटं बोलायला सवय लागते आणि ती त्यांना नव्हती. पेटी म्हणजे घराघरात भिंतीवर असते ती, मेन स्विच आणि बाकीचे स्विच एकत्र बसवलेली. संघटनेनं यंदा सभासदांच्या मालासाठी स्वतःचं मानक ठरवलं होतं. प्रत्येकानं एक पेटी द्यायची, नाव झाकायचं, नुसता नंबर टाकायचा. सहा तास पूर्ण करंट सोडायचा. आतल्या जोडण्या सत्तर अंशांच्या वर तापल्या की नापास. हा सत्तरचा आकडा हरिहरनीच सगळ्यांशी भांडून मंजूर करून घेतला होता. आणि अकरा नंबरची पेटी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, एकशे चारला गेली होती.

"रडू नकोस गं… हो, हो… अगं ऐक ना… संघटनेच्या यादीतून नाव गेलं की चाकणची कंपनी माल उचलायची नाही, माहितीये मला… आठ माणसं आहेत कामाला, हो… कुठला नंबर कुणाचा, तो लिफाफा माझ्याच खिशात आहे. पण नंबर बदलून कुणाच्या नावावर घालू तो? यशवंतरावांच्या? त्यांची पेटी पास झालीये!… आईची शपथ घालू नकोस. ऋता, आईची शपथ नको."

दारावर टकटक झाली. संघटनेचे अध्यक्ष.

"आलो, नानासाहेब! दोनच मिनिटं!… नाही, तुला नाही म्हटलं. तू बोल."

लिफाफा अजून चिकटवलेला नव्हता. एका खाडाखोडीचं काम. हरिहरना स्वतःची लाज वाटली, कारण पेनाचं टोपण त्यांनी खरोखरच काढलं होतं.

"काय?… नाही गं, आपलं मशीन बरोबर आहे… खास बनवलेली? म्हणजे?… चार दिवस बसून? स्वतःच्या हातानं?… एकेक स्क्रू दोनदा आवळून…"

आता यात नवीन काही नव्हतं. तपासणीला जायची पेटी मालकानं स्वतः, अगदी निगुतीनं बनवायची आणि रोजचा माल रोजच्यासारखा काढायचा, ही या धंद्यातली जुनीच रीत. हरिहरही उमेदीत तेच करायचे. पण नियम लिहिताना शहाण्यासारखे म्हणाले, पेट्या सभासदांकडूनच मागवू! त्या प्रत्येकाच्या गोदामातून, विकायला ठेवलेल्या मालातून उचलायला हव्यात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"ऋता, थांब. खास बनवलेली एकशे चारला गेली. मग रोजच्या?… नाही गं, लबाड नाही म्हणत मी त्यांना… आतली तांब्याची पट्टी कुणाकडून घेतात?… नवीन माणूस? कधीपासून?… दिवाळीपासून. मग दिवाळीनंतर किती पेट्या गेल्या?… रजिस्टर आहे ना समोर? उघड… उघड म्हणतोय ना! निकालाचं राहू दे. पत्ते सांग मला. लिहितोय."

लिफाफा उलटा करून त्याच्याच पाठीवर त्यांनी लिहायला घेतलं.

"महाळुंगे, मुलींचं हॉस्टेल… दोन पेट्या. हं… कासारवाडी, स्टेशनमागे, पोळी-भाजी केंद्र. हं… पुढे?… सांगवी. सांगवीत कुठं?… कुठली सोसायटी, ऋता?… बोल ना… ऋता?"

हरिहरनी पत्ता अर्धवट सोडून पेन लिफाफ्यावरून उचललं.

"तुझंच घर ना हे?"

केयूररावांनी ती पेटी स्वतःच्या हातानं बसवली असणार, स्वतःच्या हॉलमध्ये, मोठ्या अभिमानानं. त्यांना आपला माल चांगलाच वाटत होता. हरिहरना हे फार लागलं.

"तू कुठे आहेस आत्ता?… वर्कशॉपला. मग घरी कोण?… नेहा? पोर एकटीच?… अभ्यास करतेय, एसी लावून. या उन्हात कशाला बंद करेल ती! एवढ्या करंटनं पेटी पेट घेईल, ऋता!… ऐक. रडायचं नंतर. तिला फोन कर. पेटीला हात लावू नकोस म्हणावं, सरळ घराबाहेर ये. वॉचमनला सांग, खाली मीटररूममध्ये तुमच्या फ्लॅटचा मेन पाड… हो, खालचाच… आधी नेहाला. मग वॉचमनला. मग हॉस्टेलला… हॉस्टेलला आणि पोळी-भाजीवाल्यांना मी करतो, आत्ता बाहेर सगळ्यांसमोरच करतो… निकाल? अगं, अकरा नंबर तुमचाच आहे. तुमच्याच नावानं वाचणार मी… हो, दादाच वाचणार… नंतर शिव्या घाल मला, जन्मभर घाल. पण आधी पोरीला बाहेर काढ. ठेव फोन… ठेव गं… ठेवत नाहीस ना? मी ठेवतो."