सासूबाईंच्या नावाचा शेअर

आन् वर मलाच म्हणती, "आवाज तर जावईबापूंसारखाच हाय, पर चोर बी कुणाचा तरी जावई असंलच की!" आता बोला! सतरा वर्षं झाली लग्नाला, सतरा वर्षं हिच्या दारात पाय धुवून पाटावर बसलोय, आन् एका सहा आकड्याच्या ओटीपीपायी मी चोर? तुम्हाला सांगतो, फोन तसाच हातात धरून दुकानात मी खुळ्यागत उभा! गिऱ्हाईक म्हणायलंय मिक्सर द्या, मी म्हणायलोय ओटीपी द्या!

न्हाय, थांबा, पहिल्यापासनं सांगतो. मी महारुद्र. येरमाळ्याला हायवेला मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान हाय माझं. विडी न्हाय, पत्ते न्हाय, नाद एकच... आयपीओचा. म्हंजे कंपनी पहिल्यांदा शेअर काढती, लोक अर्ज करत्यात, आन् नशिबात असंल त्यालाच लागतो. एका पॅनकार्डाला अर्ज एकच. मग माणूस काय करतो? घरातली पॅनकार्डं मोजतो! माझं झालं, बायकोचं झालं, आईचं झालं, आन् मग माझी नजर गेली थेट अणदूरला, सासूबाईंच्या पॅनकार्डावर. तुळजाबाई. पाच एकर रान एकटी कसती, गावातले दांडगे गडी बी वचकून असत्यात. पंचमीला गेलो आन् तिच्या नावानं डिमॅट खातं काढलं. "इथं सही करा मामी, हितं बी करा." "कशाची वो सही?" "तुमच्या फायद्याचं हाय!"... हे म्या म्हणलं, माझ्याच ह्या तोंडानं! मोबाइल नंबर ज्याचं खातं त्याचाच लागतो, तो बी तिचाच टाकला. म्हणलं टाका, काय बिघडतंय? पैसा माझा, निस्तं नाव तिचं!

अकरा अर्ज झाले तिच्या नावानं. अकरा वेळा ठणठण गोपाळ. बाराव्याला माझ्याजवळ पैसे नव्हते... आता हे जरा हळू सांगतो. बायकोच्या, राजेश्वरीच्या, डब्यात होते. तिच्या भिशीचे पंधरा हजार, पंधरा बायकांचे हजार-हजार, रविवारी ज्या बाईची चिठ्ठी निघंल तिच्या हातात ठिवायचे. म्या हिशेब केला, आपल्याला कुठं लागतंय? न्हाय लागलं की आठ दिवसांत पैसे मोकळे, डबा भरलेला, राजेश्वरीला पत्ता न्हाय. उचलले, अणदूरला गेलो, सासूबाईंच्या बँकेत भरले, ती अंगणात शेंगा फोडत बसली होती तवर तिच्याच मोबाइलवरनं अर्ज मंजूर करून मोकळा!

आन् लागला की वो! माझ्या नावानं न्हाय, बायकोच्या न्हाय, आईच्या न्हाय... तुळजाबाईला लागला! बुधवारी सकाळी दहाला बाजारात उतरला आन् बघता बघता पंधराचे एकवीस! म्हणलं आत्ता इकतो, उद्या पैसे, रविवारच्या आत डब्यात पंधरा आन् खिशात सहा! इकायचं बटन दाबलं... तर मोबाइल काय म्हणतो? खातेदाराच्या नंबरवर ओटीपी पाठवलाय. खातेदार! मी आपला इकडं तिकडं बघायलोय, कोण खातेदार?

लावला फोन. "मामी, मेसेज आलाय का?" "आलाय की." "वाचा बरं." "न्हाय." "न्हाय?" "ती बाई रोज फोनमधी बोंबलती न्हवं, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून." "अवो, पर मी जावई!" "कुणालाच म्हंजे कुणालाच. जावयाला सूट हाय आसं काय ती बोलली न्हाय." आन् मग ते चोराचं! पैसा माझा, निस्तं नाव तिचं, आन् चोर मी!

शटर ओढलं, गाडीला किक मारली. धाराशिव गेलं, तुळजापूर गेलं, नळदुर्ग गेलं, मला काय दिसंना. बाजार साडेतीनला बंद. दोनला पोचलो. आता जावई दारात आल्यावर काय हुतं तुम्हाला ठावं हाय... पाणी, चहा, मग ताट! शेंगापोळी, वर तुपाची धार. मी म्हणायलोय "मामी, ओटीपी," ती म्हणायली "आधी खावा." अडीच वाजले!

मग समोर बसली. "आता सांगा, हे हाय काय? कागूद दाखवा." "कागद नसतोय आता, मामी." "कागूद न्हाय? मग इकायलाव काय?"

तुम्हाला सांगतो, मला बी चेव आला. म्हणलं असं समजावतो की बाई गार झाली पायजे! "मामी, तुमचं सोयाबीन वखारीत ठिवलंय न्हवं? घरात दिसतंय का? न्हाय. पर पावती हाय, म्हंजे माल हाय. हे बी तसंच. देशात शेअरच्या दोन लई मोठ्या वखारी हायत, डिपॉझिटरी म्हणत्यात. माल तिथं जमा. आपण ज्याच्याकडनं इकतो तो दलाल म्हंजे निस्ता अडत्या. उद्या अडत्या पळाला तरी वखारीतला माल जागच्या जागी. पावतीवाल्याला इचारल्याबिगर एक दाणा हलत न्हाय, म्हणून तर तो ओटीपी!" मी मनात म्हणलं, वा रे महारुद्रा, मास्तरच व्हायचा होतास तू!

तिनं मान डोलावली. "पटलं. मग वखारीत पावती कुणाच्या नावाची हाय?"

"...तुमच्या."

"मग माल कुणाचा?"

घास घशातच बसला! पाण्याचा तांब्या तिनंच पुढं केला. म्हणलं, "मामी, पैसा माझा हाय, निस्तं नाव..." "आसंल. तुमीच म्हणला होता न्हवं, तुमच्या फायद्याचं हाय? झाला की फायदा. देव तुमचं भलं करो." आन् पुन्हा इचारती, "भाव अजून वाढंल का?" "वाढंल... कदाचित." "मग घाई कशाची? सोयाबीन म्या दोन वर्षं धरून बसलेय, ह्याला तर सकाळधरनं सहा तास बी झाले न्हाईत."

तीन वाजले. मग मात्र माझा धीर सुटला. पाय धरले तिचे, सगळं ओकलो. भिशी, डबा, रविवार, पंधरा बायका. "माझ्या राजूच्या डब्याला हात लावला तुमी?" एवढंच म्हणली. वरडली असती तर बरं झालं असतं. खरं सांगतो, सतरा वर्षांत पहिल्यांदा मला त्या बाईसमोर मान वर करता येईना.

उठली, आत गेली. परत आली ती हातात कापडाची पिशवी. पाचशेच्या नोटा, थुंकी लावून, एक एक करून मोजल्या... पंधरा हजार. "हे आजच्या आज डब्यात ठिवा. राजूला मी सांगत न्हाय. लेकीचा संसार हाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं वो! म्हणलं, मामी, तुमी देवमाणूस. म्हणली, "देवमाणूस कशाचं आलंय. आता पैसा बी माझा, नाव बी माझंच. हुज्जत मिटली." मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. तीन एकतीस! बाजार बंद!

निघताना उंबऱ्यात इचारती, "आन् माझ्यामागं हे कुणाला?" म्हणलं, "नॉमिनी राजूला लावलंय." "आन् तिच्यामागं?" "...मी." "मग हाय की तुमचा बी नंबर! थांबा जरा, जावईबापू."

शेअर आता पंधराचा अडतीस झालाय. रोज सकाळी बाजार उघडला की तिचा फोन, "भाव सांगा." सांगतो. इकू का म्हणलं की म्हणती, अजून भाव यायचाय. काय करता? परवा गेलो, तर वसरीत बाजेवर तिची आई बसलेली. वय सत्त्याण्णव, दात सगळे शाबूत, फुटाणे खायली कडाकडा! मला हाक मारली, पदराची गाठ सोडली, आतनं पॅनकार्ड काढलं. "महारुद्रा, तुळजाला काढून दिलंस तसलं खातं मला बी काढून दे की रं लेकरा."

आता म्हाताऱ्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं? काढलं. मोबाइल नंबर तिचाच टाकला. मग इचारलं, आज्जी, नॉमिनी कोण लावू? म्हणली, "कोण म्हंजे? तुळजा!"

म्हंजे आता रांगंत मी चौथा.