चाकापुढच्या चपला

—गुरुवार, ८ ऑगस्ट १९७४, दुपारी सव्वा एक. इथं आखातात, उम्म सलाल मोहम्मद गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या कामावर, पाण्याचा टँकर सुरू झाला तेव्हा संपत त्याच्याखाली झोपला होता. जागीच गेला. चपलांच्या या चित्राखाली एवढंच राहील, शहाजीराव, आणि 'चालक केरबाच्या निष्काळजीपणामुळे' हे तुमच्या मंडळाचं वाक्य जाईल. तिसऱ्यांदा सांगतोय.

बाकीची चित्रं चालली ना? तो एकच कोट – अकरा जणांनी पाळीपाळीनं घालून फोटो काढले, अकरा बायकांना पाठवले – ते बघून तुमचे अध्यक्ष खुर्चीवरून पडायचे राहिले म्हणे. मग? इथं आलेल्या पहिल्या माणसांचा इतिहास हवा, पण हसण्यापुरताच? मुंबईत पेपरात होतो तेव्हा मंत्र्याच्या पीएनं सांगितलं म्हणून ओळ बदलली नाही मी, तुमच्या स्मरणिकेसाठी बदलू? – चहा घ्या, आमच्या तेरेसानं तुमच्यासाठी साखर जास्त घातलीय.

केरबा निष्काळजी! अहो, मैलभर झाड नाही, कंपनीनं साधा पत्रा उभा केला नव्हता. दुपारच्या सुट्टीत टँकर हीच सावली. आणि पद्धत ठरलेली – खाली झोपणाऱ्यानं चपला पुढच्या चाकापुढे काढायच्या. केरबा चपला बघणार, नावानं हाका मारून एकेकाला उठवणार, मगच किल्ली. पाच वर्षं असंच. त्या दिवशीही चाकाकडे बघितलं त्यानं, मी समोरच होतो ना – चाकापुढे काही नव्हतं, म्हणून –

काय? नाही, संपतनं काढल्या होत्या. काढल्याच होत्या. अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला – मोठ्या गमतीदार दिसत होत्या हो. पण चाकाची सावली पडत होती त्यांच्यावर, रेघ नीट दिसेना. म्हणून जरा उचलून उन्हात ठेवल्या, पलीकडे, माझ्या वहीसमोर. पाच मिनिटं. लगेच परत ठेवणार होतो. मी हजेरी लिहायचो तिथं, दुपारी वेळ असायचा, चित्रं काढायचो – तुम्हाला माहितीये.

असं बघू नका.

केरबा चार महिने तुरुंगात होता. मग गावी पाठवला. दोघं एकाच गावचे. संपतची बायको, हौसाबाई, अजून त्याच्या दारावरून जाताना तोंड फिरवते. आणि केरबा मला पत्रं पाठवतो, कुणाकडून तरी लिहून घेऊन – 'बेनेडिक्टसाहेब, तब्येत सांभाळा.' बारा वर्षं!

हे बघा, त्या सावलीच्या पत्र्यावरून कंपनीला चार पानं झोडलंय मी, पुरावे आहेत, तारखा आहेत – द्या ते चित्र इकडे. नाही, राहू द्या, छापा. नाही – उठा शहाजीराव. खलास. उठा म्हणतो ना.

संपत गेल्यावर कामावर आम्ही सात जण उरलो होतो. पोलिसांनी सहा जबाब घेतले. सातवा मी. मला का बोलावलं नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.