वार्डातून कागदावर

माझं माहेर श्रीरामपूरच्या अंगाला, आई-बाप दोघंबी उसाच्या मळ्यात रोजानं जायचे. बापानं दीक्षा घेतली तवाच ठरवलं की ही पोरगी शिकनार, म्हनून मी नगरला नर्सिंग शिकले आन तिथंच एका दवाखान्यात लागले. आता माझा सोभाव काय सांगू तुमाला, मी लई संशयी. बाटलीवरचं नाव तीनदा वाचल्याबिगर सुई भरायची न्हाई, डॉक्टरनं लिहिलं असलं तरी न्हाई. बाकीच्या पोरी म्हनायच्या, हिचा सख्ख्या आईवरबी भरवसा न्हाई.

तर बहात्तरच्या दुष्काळात मोठ्या डॉक्टरांनी एका लेकराला जास्तीचा डोस लिहिला. मी दिला न्हाई, म्हनलं सायेब पुन्हा बघा. त्यांनी बघितलं आन खोडलं. आन आठ दिवसांनी मला बोलावून म्हनतात, सिस्टर, उद्यापासनं वार्डात येऊ नका, हापिसात बसा, जुलाबावर पत्रक लिहायचं हाय, तुमाला खेड्यातली भाषा येती. मी मनात म्हनलं, हां, काढला काटा. टोपी काढून कपाटात ठेवली तवा मला रडू आवरंना, कारन त्या टोपीसाठी बापानं लई सोसलं हुतं.

डॉक्टर सांगायचे, मी लिहायचे. तांब्याभर उकळून गार केलेलं पानी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ, घोटघोट पाजा. छापायला निघालं तवा बघितलं तर खाली कोनाचंच नाव न्हाई. म्हनलं, उद्या लेकरू दगावलं तर म्हनतील सिस्टरनं लिहिलं हुतं. मग बायांकडनं करवून बघावं म्हनून कागद घेतला आन यष्टीनं गेले पाथर्डीकडं, दुष्काळी कामावर खडी फोडनाऱ्या बायांकडं. तर बाया मला बघून पळाल्या! नवऱ्यांना नसबंदीच्या ऑपरेशनला नेनारी आली म्हनल्या, तवा तसली मानसं कागद घेऊन फिरायचीच. एक कौसाबाई तेवढी बसून राहिली, तिची तान्ही लेक जुलाबानं मलूल होऊन मांडीवर पडलेली.

तिला वाचून दाखवलं, म्हनलं आता माझ्यासमोर कर. तिनं साखरंच्या जागी गूळ घेतला, तो चालतोय. पन मीठ खड्याचं, आन चिमूट म्हंजी कालवनात टाकत्यात तशी, पाचीबी बोटांची. चाखलं तर तोंड वाकडं झालं. हे त्या पोरीच्या पोटात गेलं असतं हो, आन चिमूटभर हे लिहिलेलं माझ्याच हातानं! मी तांब्या पालथा केला तर कौसाबाई वरडली, बाई, दुष्काळात पानी ओततीस? पुन्हा केलं, मीठ कुटून, तीन बोटांत मावंल तेवढंच. म्हनलं आधी तू चाख, डोळ्याच्या पान्याहून खारट लागलं तर देऊ नको. ती म्हनली, ते पानी लई चाखलंय मी, ते बराबर समजंल. आन तरीबी तिनं आधी मला प्यायला लावलं, मगच लेकीला दिलं. मला काई राग आला न्हाई. दिवस मावळायच्या आत पोरगी छातीला लागली.

परत येऊन पत्रक बदललं तर डॉक्टर म्हनतात, डोळ्याचं पानी शास्त्रात बसत न्हाई. मी म्हनलं, मग तुमचा कागद तुमाला, माझा वार्ड मला द्या. त्यांनी लई येळ वाचलं आन तसंच छापाया दिलं. म्हनले, सिस्टर, तुमी माझा डोस अडवला, तसाच कागदबी तपासाल म्हनून तुमाला इथं बसवलं, शिक्षा न्हवती ती. मला तवा खरं वाटलं न्हाई, अजून निम्मंच वाटतंय.

पुढं त्यांनी वार्डाचं विचारलं, तर मीच गेले न्हाई. वार्डात चुकले तर एका मानसाशी चुकनार, कागद किती घरात जातो त्याचा काई नेम हाय का? वीस-बावीस वर्सं लिहिलं, टीबीचं, बाळंतिनीचं, नाव एकावरबी न्हाई. राहिना का. आता केडगावात लेकाकडं असते, डोळ्यांनी कमी दिसतं. तुमी चांगल्या घरच्या दिसता, सुखी राहा, पन माझं बोलनं तुमी हे जे लिहून घेतलंय ते मला वाचून दाखवल्याबिगर उठायचं न्हाई.